आकड्यांना माया सोडायची नसते

तीर्थरूप दादा,

सुई ओठांत धरून बोलू नये असं बाबा सांगायचे, पण नमस्कार करू नये असं ते कधी म्हणाले नव्हते. तेव्हा तुझ्या धाकट्या बहिणीचा, कापायच्या टेबलावरूनच, वाकून नमस्कार घे. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? गोळ्या घेतोस की डबीत नुसत्या मोजून ठेवतोस? वहिनींचा गुडघा जिना चढू देतो का? भाची सासरी रुळली का, हे मी विचारणार नाही, कारण तू “हो, बरी आहे” एवढंच सांगणार. त्यापेक्षा लग्नातला पोशाख तिला आता कमरेत घट्ट होतो की सैल, तेवढं वहिनींना विचारून कळव. पोरगी सुखात आहे की नाही ते मला तेवढ्यावरून सांगता येतं. इकडे आम्ही दोघं ठणठणीत. हे अजून शाळेची बस चालवतात, अजून ताशी तीसच्या वर जात नाहीत, आणि घरी आल्यावर अजून आधी चहाच्या पातेल्याकडे बघतात, मग माझ्याकडे.

पत्र लांबणार आहे, आधीच सांगते. दोन महिने मी तुझ्याशी फोनवर अवाक्षर बोलले नाही, ते सगळं साठलेलं ह्यात येणार. तेव्हा चष्मा लाव, पाठ टेकून बस, पाण्याचा ग्लास जवळ ठेव. (वहिनी, तुम्ही वाचून दाखवत असाल तर मधलं काही गाळू नका. ताजा कलम तर मुळीच नको.)

तो दिवस आठव. तू दुकानात आलास आणि सरळ कापायच्या टेबलावर बसलास. (बाबांनी त्या टेबलावर सख्ख्या साडूला बसू दिलं नव्हतं. पण तू थोरला. मी नुसती तुझ्याखालची कात्री काढून घेतली. पुढे तू जे बोललास ते ऐकून वाटलं, राहू द्यायला हवी होती.) शेजारचा कव्हरवाला, म्हणजे मोबाइलची कव्हरं विकतो तो, ज्याच्या दुकानात गिऱ्हाईक आत शिरलं की त्याला स्वतःला बाहेर उभं राहावं लागतं, तो आपल्या दुकानाचं महिना आठ हजार भाडं द्यायला तयार आहे, असं तू म्हणालास. दुकान बाबांनी दोघांच्या नावावर केलेलं, तेव्हा ऐकून घेणं भागच होतं, आणि मी ते घेतलंही असतं. पण मग तू वर म्हणालास की हे दुकान नाहीच, हा तुझा छंद आहे.

दादा, छंद म्हणजे पोस्टाची तिकिटं जमवणं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात मशीन मारून माझी उजवी पोटरी डावीपेक्षा जाड झाली आहे, त्याला छंद म्हणत नाहीत. मला भाड्याचं काही वाटलं नाही, तो शब्द मात्र लागला. अजून लागलेलाच आहे. तू एकोणीस वर्षं माझे टॅक्सचे फॉर्म भरतोस, माझे आकडे तुला पाठ, हे सगळं खरं. म्हणून तर जास्त लागला.

मग तूच अट घातलीस आणि मी ती तिथल्या तिथे मान्य केली. गेल्या वर्षाचा फॉर्म ह्या खेपेला तू भरायचा नाही, मी एकटीने भरायचा, आणि त्यात दुकानाचा वर्षाचा नफा शहाण्णव हजार दिसला, म्हणजे महिन्याला आठ हजार, कव्हरवाल्याच्या भाड्याइतका, तर दुकान माझ्याकडे राहील आणि तू तसं लिहून सही देशील. एक छदाम कमी पडला तर किल्ली कव्हरवाल्याला. जाता जाता तू उंबऱ्यावर थांबून म्हणालास, तुझ्याच्याने व्हायचं नाही ते. मी म्हटलं, होईल. (म्हणताना आवाज जरा चढला होता. समोरच्या इस्त्रीवाल्याची इस्त्री जागीच थांबली, आणि तिच्याखाली एका वकिलाच्या सदऱ्यावर डाग पडला, त्याचे पैसे मी भरले नाहीत.)

तुझं एक म्हणणं मात्र पटलं होतं. घरचा आणि दुकानाचा पैसा मी एकत्र करते, म्हणून दुकान काय कमावतं ते दुकानालाही कळत नाही. दुधाचे सुटे नाहीत, घे गल्ल्यातून. गिऱ्हाइकाने बटणांचे पैसे दिले, आण त्याची औषधं. तेव्हा पहिल्याच दिवशी मी जाड कापडाची एक पिशवी शिवली, भिंतीवर टांगायची, बारा खिशांची. प्रत्येक खिशावर लाल दोऱ्याने नाव काढलं. वीज, पाणी, दूध, किराणा, गॅस, औषध असे करत करत शेवटचे दोन, ‘सरकार’ आणि ‘अचानक’. सरकारच्या खिशात टॅक्सचे. एक तारखेला ह्यांचा पगार आला की नोटा बारा जागी वाटायच्या आणि महिनाभर त्यातच भागवायचं, गल्ल्याला हात लावायचा नाही. टांगल्यावर पिशवी इतकी छान दिसत होती की मी शेजारणींना बोलावून दाखवली.

‘अचानक’ चार तारखेला रिकामा झाला. ह्यांच्या मते जगात सगळंच अचानक होतं. चप्पल तुटली, अचानक. (दोन वर्षं तुटत होती.) मित्राचा वाढदिवस आला, अचानक. मग ह्यांनी बाकीच्या खिशांकडे मोर्चा वळवला, पण प्रामाणिक माणूस, जे काढायचे त्याची चिठ्ठी ठेवायचे. ‘दूध’मधून साठ काढून ‘वीज’मध्ये टाकले. ‘वीज’मधले ‘औषध’ला उसने दिले. खोकला आपोआप गेला, म्हणून औषधाचे पैसे वाचले, म्हणून बिस्किटं आणली. वीस तारखेला किराणा आणायला गेले तर त्या खिशात सात चिठ्ठ्या आणि एक पँटचं बटण. मी खिशांना हूक लावले, मग टिचबटणं लावली, मग चक्क चेन लावली. बस चालवणाऱ्या माणसाला चेनचं काय! शेवटी हात टेकले आणि पिशवीचा सगळा कारभार ह्यांच्याकडेच सोपवला. तुम्ही सांभाळा, मला महिनाअखेर हिशेब द्या. त्या दिवसापासून ह्या घरात मीच चोर ठरले आहे. मी खाली बसलेली असताना डोक्यावरचा पंखा बंद करतात. चहात साखर घालताना चमचा हातातून घेऊन सपाट करतात. दुसऱ्या महिन्यात घर फक्त ह्यांच्या पगारात चाललं, वर दोनशे बारा उरले, आणि ‘सरकार’च्या खिशाला ह्यांनी सुरुवातीपासूनच हात लावला नव्हता, कारण भीती वाटते म्हणाले.

आता दुकानाकडे ये. दर वर्षी मी तुला मापांची वही आणि पावत्यांनी भरलेला बटणांचा डबा पाठवायची आणि तू त्यातून आकडे काढायचास. कसे काढायचास ते मला ह्या वर्षी कळलं, आणि दादा, खरं सांगते, तुझ्याबद्दलचा आदर वाढला. वहीत पैसे कुठे लिहिलेलेच नाहीत! छाती, उंची, बाही, कंबर सगळं पाव इंचापर्यंत चोख, आणि शिलाई किती घेतली त्या जागी काही नाही, कारण ती माझ्या डोक्यात. नावंसुद्धा अर्धी नाहीत. मला गिऱ्हाइकाचं नाव राहत नाही, माप राहतं. ‘छाती बेचाळीस, डावा खांदा उतरता’ म्हटलं की तो माणूस डोळ्यांपुढे उभा. तू मला फोन करून विचारत बसायचास, ह्या कोटाचे किती, त्या झग्याचे किती. मी पाय मशीनवर ठेवून ओरडून सांगायची, आणि मला वाटायचं, ह्याला काय काम नाही का?

तर मी बसले. दुपारचं जेवण झालं की दोन तास, रोज. वर्षभराच्या मापांपुढे आठवून आठवून शिलाई लिहिली आणि पान पान बेरीज केली. पहिली एकूण बेरीज आली ती बघून मला घामच फुटला, एवढी कमाई झाली आणि गेली कुठे? मी ह्यांच्याकडे संशयाने बघायला लागले. ह्यांनी वही घेतली, चष्मा कपाळावरून खाली आणला आणि शांतपणे विचारलं, हे बत्तीस कशाचे? म्हटलं, कमरेचे. मी वर्षभराच्या छात्या, कंबरा आणि बाह्या पैशांत मिळवल्या होत्या. जवळजवळ चाळीस हजार इंच माणसं उत्पन्नात धरली होती. ते सगळं काढलं आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. नाकी नऊ आले, पण सोडलं नाही.

टॅक्स कचेरीत मदतीची खिडकी असते, क्रमांक तीन. तिथल्या बाई माझ्याच वयाच्या, बोलणं नेमकं, चेहऱ्यावर सुरकुती नाही, पण कोटाच्या उजव्या बाहीचं बटण एका धाग्यावर लोंबकळतंय. दादा, तू तिथे असतास तर तुला रकाने दिसले असते. मला पाच दिवस ते बटण दिसत होतं. त्या खर्चाबद्दल सांगायच्या आणि मी बटणाकडे बघत हो हो म्हणायची. मदत घेतली म्हणून अट मोडली असं म्हणू नकोस. कुठल्या रकान्यात काय लिहायचं एवढंच त्या सांगतात. लिहायचं आपणच.

आणि मी लिहिलं, पण आपल्या पद्धतीने. आपल्या धंद्यात कापड बेतताना शिवणीच्या आत थोडं जास्तीचं ठेवतात, त्याला माया म्हणतात. (हे वहिनींसाठी. तुला माहीत आहे, बाबांकडून टपली खाऊनच शिकलास, जरी शिकून तू हिशेबनीस झालास.) जास्तीचं असलं तर आत दुमडता येतं. कमी पडलं तर देवसुद्धा वाढवून देत नाही. चाळीस वर्षं हात तसाच चालतो. एखाद्या सदऱ्याचे साडेतीनशे घेतले की चारशे ते आठवेना, तर लिही चारशे, माया असू दे. दोऱ्याचा खर्च बाराशे की हजार? हजार लिही, इथे आतून घे. मनात पापही नव्हतं. मला वाटलं, कमी दाखवलं तर सरकार रागावतं, जास्त दाखवल्यावर कोण कशाला रागावेल? अशी सगळीकडे दीड दीड इंच माया सोडत गेले आणि शेवटी नफा आला एक लाख बावीस हजार! शहाण्णव नाही, दादा, एक लाख बावीस! त्या संध्याकाळी ह्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या चहात दोन चमचे साखर घातली, तीही शिगोशीग.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फॉर्म चाळला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सगळेच आकडे गोल कसे? मी कौतुकाने सांगितलं की माया सोडली आहे. काय सोडलं आहे? मी त्यांना त्यांच्याच कोटाची बाही उलटी करून शिवणीतली माया दाखवली. बाईंनी बाही सरळ केली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, आकड्यांना माया सोडायची नसते. जेवढा आहे तेवढाच. जास्त दाखवणंही खोटंच. आणि खाली सही करताना तुम्ही हे सगळं खरं आहे असं लिहून देणार आहात. त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. अजून पाच दिवस आहेत, मी काही बघितलेलं नाही, असं म्हणून पुढच्या माणसाला बोलावलं.

आता इथे मी तुझ्यापासून काही लपवणार नाही. तो फॉर्म पिशवीत घालून मी दुकानात आले, शटर अर्धं ओढलं आणि बसून राहिले. तसाच दिला असता तर कोणाला कळणार होतं? टॅक्स काही निघाला असता तर ‘सरकार’च्या खिशातून भरला असता. तू आकडा बघून गप्प बसला असतास. दुकान राहिलं असतं. आणि मला ते दुकान हवं आहे, दादा, ते फार हवं आहे, दुसरं मला काही येत नाही आणि दुसरं मला काही नको आहे. एक तास बसले. मग बाबांचा तो कोट आठवला. शिवून, इस्त्री करून, टांगून झालेला, आणि एका बाहीत पाव इंचाचा फरक सापडला म्हणून त्यांनी सगळा उसवला. गिऱ्हाइकाला जन्मात कळलं नसतं. तू शाळेत गेला होतास. मी खाली बसून दोरे वेचत होते. म्हटलं, ह्याच टेबलावर बसून खोटा आकडा लिहायचा आणि मग ह्याच टेबलासाठी भांडायचं, हे जमणार नाही आपल्याला.

उसवायला घेतलं. एकेक गिऱ्हाईक, एकेक ओळ. ज्यांचं नक्की आठवेना त्यांना, मापाखाली लिहिलेल्या नंबरांवर, दुकानातल्या लँडलाइनवरून फोन केले, चाळीस तरी असतील. मी विचारायची, तुमच्याकडून मी किती घेतले होते? आणि लोकांना वाटायचं की बाई राहिलेले मागते आहे. एकाने तर घाबरून खरोखरच राहिलेले दोनशे आणून दिले, ते मी साफ विसरले होते. (‘छाती अडतीस, पोट चव्वेचाळीस’. सज्जन माणूस.) तीन दिवसांनी माया सगळी निघाली आणि खरा आकडा समोर आला. एक्क्याऐंशी हजार तीनशे. शहाण्णवला चौदा हजार सातशे कमी. मी तो दोनदा तपासला, मग ह्यांनी तपासला, मग आम्ही दोघांनी बिनसाखरेचा चहा घेतला.

तरी फॉर्म भरायचा राहिला होता आणि भरणार मी म्हटलं होतं. शेवटच्या तारखेला खिडकी तीनवर गेले. बाईंनी सगळं कॉम्प्युटरवर चढवलं आणि म्हणाल्या की आता मोबाइलवर सहा आकडी नंबर येईल, तो दहा मिनिटांत सांगा. मोबाइल ह्यांच्या नावावर, ह्यांच्या खिशात, आणि हे बत्तीस पोरं घेऊन रस्त्यावर. गाडी चालवताना हे फोन उचलत नाहीत, जग बुडालं तरी. खिडकी पाचला बंद. पण बस रोज चार-दहाला कचेरीसमोरच्या थांब्यावर लागते, हे मला माहीत होतं. मग असं ठरलं की मी थांब्यावर उभी राहणार, बस वळणावर दिसली की हात वर करणार, शिपाई दारातून बाईंना खूण करणार, बाई बटण दाबणार. सगळं बेतल्याप्रमाणे झालं. बस थांबली, ह्यांनी इंजिन बंद केलं, ब्रेक ओढला, आरसे बघितले (दादा, आरसे!), मग फोन काढला आणि चष्मा विसरल्याचं जाहीर केलं. मी खाली फुटपाथवर, माझाही चष्मा कचेरीत. शेवटी पुढच्या बाकावरच्या एका मुलीने फोन घेऊन पहिला आकडा वाचला, मागच्यांनी तो ओरडून सांगितला, आणि सहाही आकडे बत्तीस पोरांनी खिडक्यांतून डोकी काढून, एका सुरात, पाढे म्हटल्यासारखे म्हटले. मला पाठ करायची गरजच पडली नाही. कचेरीतल्या सगळ्या खिडक्यांना तो नंबर ऐकू गेला. मी आत पोचेपर्यंत बाईंनी टाइप करून टाकला होता.

पोच मिळाली. शिक्क्यासकट. ती हातात घेतली आणि मग मला त्या बटणाचं काही सहन होईना. गळ्यापाशी सुई नेहमीच खोचलेली असते, खिडकीतून हात घालून दोन मिनिटांत बटण पक्कं केलं. बाईंनी पाकीट उघडलं. मी नको नको म्हटलं. त्या म्हणाल्या, काम केलंत ना? मग पैसे घ्या आणि पावती द्या. पाच घेतले, पावती दिली. चालू वर्षाच्या वहीत आता मापांशेजारी पैशांचा रकाना आहे, आणि त्यातली पहिली नोंद ते बटण.

तर दादा, पोचेची नक्कल सोबत आहे. फॉर्म मी भरला, एकटीने, वेळेत, खरा. एवढं झालंच. नफा मात्र शहाण्णव दिसत नाही, एक्क्याऐंशी हजार तीनशे दिसतो, आणि अट ती अट, मी शब्द फिरवणारी नाही. दुकानाची किल्ली ह्याच पार्सलमध्ये घातली आहे. (दुसरी किल्ली माझ्याजवळ आहे आणि दुकान रोज नऊला उघडतं आहे. तुझं उत्तर येईपर्यंत उघडणार.) वहिनींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. एक राहिलंच. माया उसवून झाल्यावर फॉर्म दाखवला तेव्हा बाईंनी वही उलटता उलटता विचारलं, हे सहा आठवडे दुकान बंद होतं का? पानं मापांनी भरलेली आणि कमाई शून्य. मी म्हटलं, छे, तेव्हा तर मी रोज बारा तास बसत होते, भावाच्या मुलीचं लग्न होतं. घरच्यांचं शिवलेलं धरायचं का? त्या म्हणाल्या, पैसे आले नाहीत तर ते उत्पन्न नाही, फॉर्ममध्ये येणार नाही. बरोबर आहे, घातलं नाही. पण अट सरकारची नव्हती, तुझी होती. म्हणून नेहमीच्या दराने, माया न सोडता, बिल केलं आहे. तुझा कोट-पँट साडेतीन हजार. जावयाचा कोट-पँट साडेतीन हजार. भाचीचा पोशाख चार हजार. वहिनींचे तीन पोशाख एकवीसशे. तुझे चार सदरे सोळाशे. व्याह्यांचा कोट चोवीसशे (त्यांचं माप तू फोनवर अंदाजाने सांगितलंस, तो दोनदा शिवावा लागला, पण एकदाचेच लावले आहेत). एकूण सतरा हजार शंभर. ते एक्क्याऐंशी हजार तीनशेत मिळव. मी मिळवले आहेत, तीनदा, आणि त्यात इंच नाहीत. अठ्ठ्याण्णव हजार चारशे. महिन्याला आठ हजार दोनशे. ज्या वर्षी दुकान तुझ्या घरचं लग्न नेसवून उभं होतं, त्याच वर्षाकडे बोट दाखवून तू त्याला छंद म्हणालास.

ता. क. दादा, नमस्कार. ही दूध आणायला गेली आहे तेवढ्यात मी लिहितो. ही पत्रात फार ताठ दिसते, पण तो कमी पडलेला आकडा आला त्या दिवशी बाबांची कात्री मांडीवर घेऊन बराच वेळ रडत होती. मी पंखा बंद केला नाही. तुम्हाला माहीत असावं म्हणून कळवलं.

ता. क. वरचं वाचू नकोस. ह्यांना अक्षर काढता येत नाही आणि गप्पही बसवत नाही. बिलाचे पैसे पाठवायचे नाहीत, समजलं? पाठवलेस तर परत करीन. एकोणीस वर्षं तू माझे फॉर्म भरलेस आणि कधी बिल केलं नाहीस, मी तुझे सदरे शिवले आणि कधी बिल केलं नाही. तो आपला व्यवहार मला फार आवडायचा, आणि तो मोडला ह्याचं वाईट वाटतं. फॉर्म ह्यापुढे मीच भरणार. तू फक्त बेरीज तपास. फोन करून, नेहमीसारखा, मी मशीनवर असताना.

ता. क. पार्सलमध्ये पँट आहे ती तुझी. टेबलावर बसला होतास तेव्हा नजरेनेच माप घेतलं. तू छत्तीस सांगतोस, कंबर अडतीस झाली आहे. किल्ली डाव्या खिशात आहे, सहीचा कागद उजव्या खिशात. कागदावर सही करून दोन्ही परत पाठव. पँटची शिलाई साडेसहाशे, ती मात्र रोख, वहीत बटणाखालची ओळ तुझ्यासाठी मोकळी ठेवली आहे. आणि पँटला मागच्या शिवणीत दोन इंच माया सोडली आहे. कपड्यात चालते.